कॅम्प वेळेवर बंद झाला

"राउंडसाहेब, अजून एक चहा सांगा," उमाळकर म्हणाले. "एक नको, दोन सांगा."

दोन कप आले. एक त्यांनी स्वतःपुढे ओढला. दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला, त्यावर बशी झाकली आणि ते पुन्हा नदीपलीकडच्या वाटेकडे बघत बसले. सकाळपासून त्या खुर्चीला असाच चहा चालू होता. खुर्ची काही पीत नव्हती, मग थोड्या वेळाने तोही कप उमाळकरच संपवत होते.

"साहेब, बाराला कॅम्प बंद होतो," मी म्हटलं.

"माहीत आहे. तुमच्या जन्माआधीपासून बाराले बंद होऊन रायला तो."

हे खरं नव्हतं, कॅम्प माझ्यापेक्षा लहान होता. पण शेवटच्या दिवशी शेवटच्या पाहुण्याशी वाद घालू नये, असं मला रेंज ऑफिसातून निघताना सांगितलं होतं. बाकी फारसं काही सांगितलं नव्हतं. मी नवा वनपाल. साताऱ्याकडून बदलून आलो त्याला तीन महिने झाले होते. वनपालाकडे जंगलाचा जो तुकडा असतो त्याला राउंड म्हणतात, म्हणून मी राउंडसाहेब. आमचं अभयारण्य सातपुड्याच्या कुशीत. मोरणी नदीच्या जंगलाकडच्या काठावर चार खोल्या, एक व्हरांडा आणि एक स्वयंपाकघर एवढा कॅम्प, आणि त्याच्या पाठीला टेंभरूढाणा नावाचं कोरकू आदिवासींचं छोटं गाव. नदीवर पूल होता, पण तो निम्माच कायमचा. सागाचे खांब आणि लांबलचक तुळया बारा महिने जागेवर, वरच्या फळ्या मात्र पावसाळ्याच्या तोंडावर उचलून ठेवायच्या. नाहीतर पहिल्या पुरात मोरणी त्या घेऊन जाते आणि मग दिवाळीनंतर नव्या फळ्या मिळेपर्यंत कॅम्प उघडत नाही. म्हणून जून संपताना फळ्या काढल्या की कॅम्प बंद. चार महिने इकडे कोणी यायचं नाही.

माझ्याकडे आदेश होता. "सर्व पर्यटकांस बाहेर काढून, खोल्यांस सील करून, पुलाच्या फळ्या काढून घ्याव्यात." वाक्य सोपं होतं. आदेशात सोपं वाक्य दिसलं की घाबरावं, हे मी पुढे शिकलो.

"कोण यायचं आहे?" मी उमाळकरांना विचारलं. दोन दिवस हा प्रश्न मी टाळला होता.

"भाऊ."

"मोठे?"

"लहाना. मुकुंदा." त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. उकाडा असह्य होता. आमच्याकडे एक थेंब नव्हता, पण वर डोंगराच्या बाजूला आभाळ कालपासून काळं होतं. "खामगावात आमचं भांड्याचं दुकान आहे. म्हणजे होतं. एक होतं, मग दोन झाले. मधात भिंत घातली. तुम्ही आमच्या दुकानात कढई घेतली की झाकण घ्याले त्याच्या दुकानात जा लागते."

"भांडण?"

"नऊ वर्षं झाली. बोलचाल बंद."

"कशावरून?"

उमाळकर खुर्चीत जरा पुढे सरकले. साठी ओलांडलेला माणूस, अंगाने स्थूल, गुडघे गेलेले. खुर्चीतून उठायचं तर आधी दोन्ही हातांनी खुर्चीला विश्वासात घेत. मग त्यांनी हनुवटीने खाली नदीकडे खूण केली.

"त्या तिथं एक जनावर पाणी प्याले आलं होतं. संध्याकाळचं. आम्ही दोघं याच व्हरांड्यात. दरसाल शेवटचे दोन दिवस यायचो, दुकानाले तेवढीच सुट्टी. मुकुंदा म्हणे, भाऊ, बिबट. मी म्हणलं, वाघ."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. 

"एवढंच?"

"तुमच्या जागी तवा गुल्हाने म्हणून होते. त्यायले विचारलं. ते म्हणे, तरस." उमाळकरांनी मान हलवली. "मग जास्तच भडकलं."

जाताना बसमध्ये दोघं वेगवेगळ्या सीटवर बसले. घरी गेल्यावर बायकांनी विचारलं, काय झालं. दोघांनी वेगवेगळं सांगितलं. मग मुकुंदा म्हणाला, बाबांच्या वेळेपासून दुकानातही असंच चाललंय, मी काही म्हटलं की तुम्ही उलटं म्हणता. दिगंबर उमाळकर म्हणाले, मी मोठा आहे. दिवाळीच्या आत भिंत उभी राहिली.

"आता मी माझं अर्धं विकलं," ते म्हणाले. "लेकाकडे चाललो, बंगलोरले. पुढच्या आठवड्यात. तिथं गेलो म्हणजे गेलोच. या गुडघ्यांनी काही परत येणं होत नाही. तर म्हणलं, एकदा त्याले भेटून जावं. पण घरी कसं जाऊ? नऊ वर्षं गेलो नाही तर आता काय म्हणून जाऊ?"

"मग निरोप कसा पाठवला?"

"न्हावी एकच आहे आमचा." उमाळकर म्हणाले. "त्याच्यापाशी सांगतलं. शेवटच्या दिवशी कॅम्पवर जाऊन रायलो, दोन खाटा घेतल्या आहेत. यायचं तर ये."

"काय उत्तर आलं?"

"न्हावी म्हणे, दाढी करून घेतली, पण बोलले काही नाही."

स्वयंपाकघरातून शालिकराम कासदेकर ताट घेऊन आला. शालिकराम कॅम्पचा आचारी. कॅम्प बंद करायच्या दिवशी त्याचा एकच धर्म असे: कोठीत खाण्याचा एक कणही शिल्लक राहू द्यायचा नाही. राहिला तर अस्वल वास काढत येतं आणि कोठीसकट दार घेऊन जातं. परत न्यावा म्हटलं तर रेंज ऑफिसात कोणी घेत नाही, कारण घेतलं तर का उरलं ते सांगावं लागतं. तेव्हा उरलेलं सगळं शेवटच्या पाहुण्याने संपवायचं. बरं, त्या वर्षी शेवटचा पाहुणा एकटाच, आणि कोठी भरलेली. दोन दिवसांत उमाळकरांनी मुगाची, मसुराची, हरभऱ्याची अशा सगळ्या डाळी, मग गूळ-शेंगदाणे, आणि काल रात्री जिलेबी खाऊन संपवली होती. ती जिलेबी शालिकरामने आयुष्यात पहिल्यांदाच केली, कारण मैदा उरला होता.

"हे काय?" उमाळकरांनी ताटाकडे बघितलं.

"शेवया, साब. आणि हे पापड. लोणच्याची बरणी पण उघडली हाय."

"अरे, नाही जात आता."

"थोडंच हाय," शालिकराम म्हणाला. त्याच्या लेखी उरलेली बरणीसुद्धा थोडीच असे. "आणि तुमचे भाऊ येनार हाय ना? ते खातीन."

उमाळकर शेवया खाऊ लागले.

मी उठलो. कामं खूप होती. गाद्या सकाळीच जीपमध्ये भरून पलीकडे पाठवल्या होत्या, कारण इथे ठेवल्या तर उंदीर ऑक्टोबरपर्यंत त्यांत कुटुंबं वाढवतात. जीप पलीकडच्या काठावर उभी, ड्रायव्हर मुश्ताक तिच्याखाली झोपलेला. पूल काढायला ढाण्यातले, म्हणजे पाठीमागच्या गावातले, सात-आठ जण आले होते, त्यांचा मुकादम मंगल भिलावेकर. मंगल म्हणजे सुकलेल्या आवळ्यासारखा माणूस, दोन माणसांचं काम करणारा आणि चार माणसांइतकं बोलणारा.

"मंगल, पूल सुरू करा. आम्ही खोल्या सील करून येतोच."

"हो साब. पाणी चढून रायलं. वर पडला हाय."

"किती वेळ लागेल?"

"तुमी या आरामात," मंगल म्हणाला.

मी आरामात गेलो. चार खोल्या, प्रत्येकीला कुलूप, कुलपावर कापडाची पट्टी, पट्टीवर वितळवलेली लाख, लाखेवर पितळी शिक्का. नवा असल्यामुळे मी हे फार मन लावून केलं. पहिल्या सीलवर शिक्का तिरका आला तर पुसून पुन्हा केला. शेवटी स्वयंपाकघरालाही सील ठोकलं. तोवर बारा वाजून गेले होते आणि मोरणीचा आवाज बदलला होता. आधी बायका कपडे धूत असल्यासारखा होता. आता मोठं कुटुंब एकदम बोलू लागल्यासारखा झाला.

व्हरांड्यात आलो. समोरची खुर्ची रिकामीच होती. कपावर बशी तशीच.

"साहेब," मी म्हणालो, "आता निघायला लागेल."

उमाळकर पलीकडच्या वाटेकडे बघत राहिले. वाट उन्हात पांढरी दिसत होती आणि त्यावर काहीही हलत नव्हतं. मग त्यांनी बशी उचलली, गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला, दोन्ही हातांनी खुर्ची दाबली आणि उभे राहिले.

"चला," ते म्हणाले. "आला असता तर मीच काही बोललो नसतो म्हणा."

शालिकरामने त्यांची पिशवी घेतली. मी काखेत भोंगा घेतला. खात्याचा तो बॅटरीवरचा भोंगा रानडुकरं हाकायला आणि पर्यटकांना सूचना द्यायला, दोन्हीला एकच वापरत. आम्ही हळूहळू उतार उतरून पुलाशी आलो.

पूल आमच्या बाजूने जसाच्या तसा होता. एकूण एक फळी जागेवर. मला जरा रागच आला, इतक्या वेळात एकही काढली नाही म्हणून. मग मी मान वर करून लांब पाहिलं. पलीकडचा अर्धा पूल नव्हता. नुसत्या तुळया, त्यांच्याखाली तांबडं पाणी, आणि मधोमध मंगल आणि त्याची माणसं खांद्यावर फळ्या घेऊन रांगेत आमच्याकडे येत होती, हसत-बोलत, शेतावरून घरी परतावं तशी. पलीकडच्या काठावर मुश्ताक जीपच्या टपावर उभा राहून दोन्ही हात हलवत होता. बराच वेळ हलवत असावा, कारण आता त्याचे हात नुसते सवयीने हलत होते.

"मंगल!" मी ओरडलो. "हे काय केलं?"

"झालंच, साब. आर्धा राह्यला." मंगल फळी टाकून घाम पुसू लागला.

"अरे, तिकडून कसा काढला? आम्ही बाहेर कसे जाणार?"

मंगलने माझ्याकडे, मग पुलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. त्याला प्रश्न खरोखरच कळला नव्हता.

"तिकडूनच काढतो ना, साब. दरसाल. इकडून काढला तर आमी तिकडंच राहू. आमचं घर इकडं हाय." मग मी फारच हताश दिसलो असेन, कारण त्याने समजावून सांगितलं. "फळ्या बी इकडंच ठेवा लागते, कॅम्पच्या शेडमधी. तिकडं ठेवल्या तर लोक दारं करून घेते."

"आणि गुल्हानेसाहेब कसे जायचे?"

"ते कुठं जायचे? ते पावसाळा इथंच ऱ्हायचे, ढाण्यात. रेंज ऑफिस आवडत नसे त्यायले."

मी आदेश मनातल्या मनात पुन्हा वाचला. पुलाच्या फळ्या काढून घ्याव्यात. कोणत्या टोकापासून ते लिहिलं नव्हतं. लिहिणारा पलीकडे बसून लिहीत होता. त्याच्या दृष्टीने आत म्हणजे इकडे आणि बाहेर म्हणजे तिकडे. मंगलच्या दृष्टीने चार महिन्यांसाठी बंद होणार होतं ते तालुक्याचं गाव, तहसील, रेंज ऑफिस आणि आम्ही सगळे. तो दरवर्षी ते नीट बंद करून घरी येई.

"आता फळ्या परत टाका," मी म्हणालो.

"टाकतो. पन पाणी पाहा." पाणी तुळयांच्या खाली हातभर आलं होतं. "एकेरी टाकता येईन. दुहेरीले टाइम नाई."

एकेरी फळीवरून मी गेलो असतो. शालिकरामचं घर तर इकडेच होतं. मी उमाळकरांच्या गुडघ्यांकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

तेवढ्यात पलीकडच्या पांढऱ्या वाटेवर धूळ उठली आणि धुळीतून एक लुना आली. लुनावर एक गोल गृहस्थ, डोक्यावर लाल हेल्मेट, पुढच्या दांडीला पिशवी. जीपजवळ येऊन ती थांबली. गृहस्थाने हेल्मेट काढलं.

 उमाळकरांचा हात माझ्या दंडावर आला आणि घट्ट झाला.

"हेच का?" मी विचारलं.

"टक्कल पडलं त्याले," ते म्हणाले.

मुकुंदराव काठापर्यंत आले, पुलाचा सांगाडा पाहून थबकले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. दोघं भाऊ नदीच्या दोन काठांवर एकमेकांकडे बघत होते.  मंगलची माणसं कुतूहलाने फळ्यांवर बसली.

"राउंडसाहेब," उमाळकर शेवटी म्हणाले, "त्याले विचारा, काहून उशीर झाला."

"तुम्हीच विचारा की."

"मी कसा विचारू? बोलचाल नाही."

मी भोंगा तोंडाला लावला. "उशीर का झाला?"

मुकुंदरावांनी तोंडाभोवती हात धरून काहीतरी उत्तर दिलं. मोरणीने ते खाऊन टाकलं. मंगल उठला, उरलेल्या पुलाच्या अगदी टोकापर्यंत गेला, तिथे कानावर हात ठेवून ऐकून आला आणि आमच्याकडे तोंड करून म्हणाला, "म्हणते, लुना बंद पडली. दोनदा."

"त्याले सांगा, लुना घेऊन कोणी जंगलात येते का?"

मी सांगितलं. मंगल गेला, आला.

"म्हणते, दुसरी गाडी तुमच्या वाट्याले गेली."

मंगलची माणसं हसली. उमाळकरांचा चेहरा आवळला. मला वाटलं, झालं, आता हे नऊ वर्षं पुन्हा इथेच घालवणार. पाणी अजून थोडं वर आलं होतं.

"साहेब," मी भोंगा त्यांच्या हातात दिला, "मला आता फळ्यांचं बघायचंय. बोलायचं ते तुम्हीच बोला. हे बटण दाबायचं."

उमाळकरांनी भोंगा दोन्ही हातांनी धरला, हंडा धरावा तसा. बराच वेळ त्यातून नुसता श्वास ऐकू आला. मग सबंध खोऱ्यात आवाज घुमला.

"मुकुंदा! माझ्या डोळ्यावर चष्मा नव्हता!"

पलीकडे मुश्ताक टपावरून खाली उतरला.

"त्या दिवशी! मले काहीच नव्हतं दिसलं! पिवळं काहीतरी हललं एवढंच! तू बिबट म्हणला म्हणून मी वाघ म्हणलं! तू वाघ म्हणला असता त मी बिबट म्हणलं असतं!"

भोंग्यातून पुन्हा नुसता श्वास. मग, जरा हळू, पण भोंग्यात हळू काही होत नाही:

"दुकानातबी तसंच करत होतो मी. तू म्हणत होता ते बरोबर होतं."

मुकुंदराव हलले नाहीत. मग त्यांनी ओरडून काहीतरी सांगितलं. मंगल टोकाशी उभाच होता. त्याने ऐकलं, वळला. तिथून चालत उमाळकरांच्या जवळ आला आणि साध्या आवाजात सांगितलं.

"म्हणते, त्यायले माहीत होतं. चष्मा त्यायच्याच खिशात होता."

पलीकडे मुकुंदरावांनी शर्टाच्या खिशातून काहीतरी काढून हातात उंच धरलं. चष्म्याचं जुनं तपकिरी घर. दुपारी नदीवर जाताना भावाने सांभाळायला दिलेलं, नंतर द्यायचं राहून गेलेलं, मग भांडणात द्यावंसं न वाटलेलं, आणि पुढे इतके दिवस झालेले की कोणत्या तोंडाने द्यायचं ते न कळलेलं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी नुसतं घर दिसलं.

"हा मुद्दामच भांडला माझ्याशी," उमाळकर म्हणाले. भोंग्याचं बटण अजून दाबलेलंच होतं, त्यामुळे हेही सगळ्यांना ऐकू गेलं.

"साब," मंगल मला म्हणाला, "आता फळ्या टाकू, का काढू? एक काय ते सांगा. पाणी विचारून येत नाई."

मी वनपाल होतो. भोंगा परत घेतला आणि कर्तव्य केलं.

"कॅम्प बंद झाला आहे. पर्यटकांना प्रवेश नाही."

उत्तर आलं. मंगलने आणलं.

"म्हणते, मी पर्यटक नाही. दोन खाटांचं बुकिंग हाय. एक खाट माझी."

हे नियमाने बरोबर होतं. बुकिंग आजच्या तारखेचं होतं आणि आदेशात बाहेर काढा असं होतं, आत घेऊ नका असं कुठेही नव्हतं. अशा आदेशांचा मान राखायला मी तोवर शिकू लागलो होतो.

"टाका," मी म्हणालो. "एकेरी."

मंगलच्या माणसांनी फळ्या टाकायला घेतल्या. सकाळी ज्या गतीने काढल्या असतील त्याच्या दुप्पट गतीने. शेवटची फळी पडली तेव्हा पाणी तुळयांना चाटत होतं. मंगल पलीकडे गेला. मुकुंदरावांनी मुश्ताकला लुना दिली, पिशवी गळ्यात अडकवली, हेल्मेट पुन्हा डोक्यावर घातलं आणि मंगलचा खांदा धरून फळीवर पाऊल टाकलं. उमाळकर त्या पावलांकडे असे बघत होते की जणू ती पावलं तेच टाकत होते. मधे एकदा फळी डुगडुगली. मुकुंदराव थांबले. उमाळकर ओरडले, "खाली पाहू नको! माझ्याकडे पाहा!" मुकुंदरावांनी खालीच पाहिलं. सवयच तशी होती. पण मग वर पाहिलं, आणि आले.

काठावर पोहोचल्यावर दोघं समोरासमोर उभे राहिले. गळाभेट वगैरे झाली नाही. मुकुंदरावांनी हेल्मेट काढलं, वाकून पाया पडले, आणि चष्म्याचं घर पुढे केलं.

उमाळकरांनी ते घेतलं. "जेवला काय?" त्यांनी विचारलं.

"नाही न."

शालिकरामने डोक्याला हात लावला. कोठीत काहीही नव्हतं. उमाळकरांनी सगळं संपवलं होतं, अगदी लोणच्याच्या बरणीसकट, आणि वर कोठीला सील.

मागे मंगलची माणसं पुन्हा फळ्या काढू लागली होती. मी जायला पाहिजे होतं. तेव्हा अजून जाता आलं असतं, एकेरी फळीवरून, एकट्याला. मी थोडा वेळ पुलाकडे, थोडा वेळ त्या दोघांकडे बघितलं, आणि मुश्ताकला हातानेच खूण केली की जा. तो गेला. पहिल्या फळीपासून शेवटच्या फळीपर्यंत पूल शिस्तीत निघाला आणि शेडमध्ये रचला गेला. मंगलने हात झटकले. "बंद," तो म्हणाला.

पाणी उतरून नदी पायी ओलांडता यायला आठवडा गेला. मुश्ताकने बाहेर काय सांगितलं कोणास ठाऊक, रेंज ऑफिसने विचारणा केली. मी लिहून कळवलं: "कॅम्प आदेशानुसार वेळेवर बंद करण्यात आला." हे खरं होतं. आम्ही आत होतो, एवढंच.

पण तो दिवस संपायचा आहे. जेवण ढाण्यात, मंगलच्या घरी झालं. कुटकी या डोंगरातल्या बारीक धान्याचा भात आणि कसलीशी पातळ भाजी. उमाळकरांना जेवायची इच्छा नव्हती, पण मुकुंदाला सोबत म्हणून बसले. मंगलच्या बायकोने दोघांना एकाच परातीत वाढलं. भांडी कमी होती. भांड्यांचे दोन व्यापारी काही बोलले नाहीत.

"बंगलोरले जाता म्हणे," जेवता जेवता मुकुंदराव म्हणाले.

"हाव. पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात इथून निघाल तर जाल न."

"ते आहे," उमाळकर म्हणाले.

"आणि दुकान?"

"विकलं. घेणारा मोबाइलचं टाकणार आहे."

"मग भिंत?"

"राहते भिंत. तुझ्याच बाजूनं घातली होती तू, तूच पाहा तिचं काय करायचं."

"तुमच्या बाजूनं घातली होती."

"तुझ्या."

मी त्या दोघांकडे पाहिलं. दोघं जेवत होते.

संध्याकाळी आम्ही तिघं कॅम्पच्या व्हरांड्यात येऊन बसलो. खोल्यांना मीच लावलेली सीलं होती आणि ती मलाच तोडता येत नव्हती, पण व्हरांड्याला सील लावायची सोय नसते. दोन खुर्च्या बाहेर राहिल्या होत्या, त्यावर भाऊ बसले. मी पायरीवर. नदीचं पाणी रुंद, तांबडं, सावकाश वाहत होतं. उमाळकरांनी जुनं घर उघडलं, आपला चालू चष्मा काढून खिशात ठेवला आणि तो नऊ वर्षांपूर्वीचा लावला.

"दिसते काय त्यातून?" मुकुंदरावांनी विचारलं.

"नंबर वाढला न. धूसर दिसते."

"मग काढा."

"राहू दे."

उजेड कमी होत होता. पाण्याच्या कडेला बांबूच्या बेटामागून काहीतरी पिवळसर बाहेर आलं. काठावर थांबलं, मान खाली घातली, पाणी पिऊ लागलं. आम्ही तिघंही ताठ झालो.  मुकुंदराव श्वास धरून बसले होते. उमाळकरांचे ओठ हलले, बंद झाले. मग त्यांनी घसा साफ केला.

"बिबट असेल," ते म्हणाले.

"नाही हो, भाऊ," मुकुंदराव म्हणाले, "वाघच आहे तो."

"बिबटच. तू म्हणत होता तेच."

"नाही, नाही. चाल पाहा न त्याची. वाघ."

"अरे, बिबट म्हणतो न मी!"

"भाऊ, वाघ!"

दोघं माझ्याकडे वळले. मी वनपाल, खात्याचा माणूस. मी खाली नदीकडे बघितलं. पाणी पिऊन झालं होतं. जनावराने मान वर केली, झटकली, आणि ढाण्याच्या वाटेला लागलं. मंगलच्या बायकोची हाक गावातून येत होती. जनावराच्या गळ्यातली लाकडी घंटा पावलागणिक ठक् ठक् वाजत होती, आणि ती आम्हा तिघांनाही चांगली ऐकू येत होती.

"मला नीट दिसलं नाही," मी म्हणालो.

"मलेबी नाही," उमाळकर म्हणाले.

"उद्या पुन्हा पाहू," मुकुंदराव म्हणाले, आणि त्यांनी आपली खुर्ची थोडी भावाच्या जवळ ओढली.